आपले घर आपणच विकताना
दलालाशिवाय घरविक्री : कागदपत्रांपासून खात्यात पैसे जमा होईपर्यंत

कुंभकोणमच्या मेलकावेरी भागात राहणारे एक निवृत्त शिक्षक एका सकाळी आमच्या शाखेत आले. माझे मराठी ऐकून त्यांनी तमिळ बाजूला ठेवले आणि घरच्या तंजावरी मराठीत बोलू लागले. तंजावरवर मराठ्यांचे राज्य १६७६ ते १८५५ पर्यंत होते. त्या काळात इकडे आलेल्या घराण्यांच्या घरांतून ही बोली आजही ऐकू येते.

त्यांचा प्रश्न साधा होता. "घर विकतोय. दलाल नाही, गिऱ्हाईक ओळखीतलंच आहे. तो उद्या पाच लाख रोख आणून देणार आहे. ते खात्यात भरले तर चालेल ना?"

मी त्यांना बसवून घेतले आणि विचारले, "काका, पाच लाखांच्या बदल्यात तुम्ही त्याला काय देणार आहात?" ते म्हणाले, "घराचे मूळ कागद. त्याच्या वकिलाला दाखवायचे आहेत म्हणे. आणि वीस रुपयांच्या स्टॅम्पवर एक सही."

हे घर म्हणजे त्या नवरा-बायकोची आयुष्यभराची पुंजी होती. तिच्यावरच पुढचे दिवस काढायचे होते. दलालाशिवाय घर विकण्याचा त्यांचा विचार चुकीचा नव्हता. पण दलाल नसला की त्याची कामेही आपल्यालाच करावी लागतात आणि ती कामे कोणती हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. तीच कामे या लेखात क्रमाने दिली आहेत. ओळख पटू नये म्हणून काकांच्या व्यवहाराचे तपशील बदलले आहेत. आकडे हिशेब समजण्यापुरते घेतले आहेत.

दलाली किती वाचते?

घरविक्रीत दलाल साधारणपणे किमतीच्या एक ते दोन टक्के घेतो आणि बरेचदा दोन्ही बाजूंकडून घेतो. घर ४० लाखांना गेले आणि दलाली दोन टक्के धरली, तर विकणाऱ्याचे ८०,००० रुपये जातात. छोट्या बचतदाराला ही रक्कम लहान नाही.

या पैशांत दलाल चार कामे करतो: गिऱ्हाईक शोधतो, भावाचा अंदाज देतो, घासाघीस करतो आणि कचेरीच्या फेऱ्या मारतो. ही चारही कामे आपल्याला जमण्यासारखी आहेत. मालकीचे कागद तपासणे हे मात्र दलालाचे काम नव्हेच, ते वकिलाचे आहे. म्हणून दलालीचे पैसे वाचवा, पण वकिलाची फी वाचवू नका. आपण दूरगावी राहत असाल, घर वर्षानुवर्षे बंद असेल किंवा लोकांना घर दाखवायला कोणी नसेल, तर दलाल घेण्यात कमीपणा नाही. फक्त दलाली किती आणि ती केव्हा द्यायची हे आधी लिहून घ्या.

पायरी १ : घर नक्की कोणाचे?

काकांना वाटत होते की घर त्यांचे आहे, कारण घरपट्टी त्यांच्या नावावर येत होती. घरपट्टीची पावती म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे. घर त्यांच्या वडिलांनी स्वतःच्या कमाईतून घेतले होते. वडील मृत्युपत्र न करता गेले, आईही नंतर गेली. अशा वेळी हिंदू वारसा कायदा, १९५६ प्रमाणे मुलगे आणि मुली यांना सारखा वाटा मिळतो. काकांना दोन बहिणी आहेत, एक पुण्यात आणि एक चेन्नईत. म्हणजे घराचे मालक तिघे होते.

वडिलोपार्जित घरातही मुलींचा हक्क आहे. तमिळनाडूने १९८९ मध्ये आणि महाराष्ट्राने १९९४ मध्ये तशी दुरुस्ती केली. २००५ मध्ये ती देशभर लागू झाली. वडील २००५ पूर्वी वारले असले तरी मुलीचा हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले.

"बहिणी कशाला आड येतील?" असे काका म्हणाले. त्या आड येणार नसतीलही, पण त्यांची सही नसेल तर घेणाऱ्याला पूर्ण मालकी मिळत नाही आणि त्याची बँक कर्ज देत नाही. इथे दोन मार्ग आहेत. बहिणींनी विक्रेत्या म्हणून खरेदीखतावर सही करावी आणि आपापला वाटा आपापल्या खात्यात घ्यावा, किंवा आधी हक्कसोडपत्र करून ते नोंदवावे. मात्र तोंडी "माझं काही नाही" म्हणणे कायद्यात चालत नाही. काकांनी त्याच संध्याकाळी दोघींना फोन केला. पुण्याच्या बहिणीला घर विकण्याचा विचार तेव्हाच पहिल्यांदा कळला.

पायरी २ : कागद गोळा करा

गिऱ्हाईक शोधण्याआधी पुढील कागद एका फाइलमध्ये लावा. कंसात महाराष्ट्रातील जवळचा कागद दिला आहे.

• मूळ खरेदीखत आणि त्याआधीचे दस्त. तमिळमध्ये आधीच्या दस्ताला 'ताय पत्तिरम', म्हणजे आईदस्त म्हणतात.
• विल्लंगम दाखला. ठरावीक वर्षांत त्या मिळकतीवर कोणकोणते दस्त नोंदले गेले आणि गहाणाचा बोजा आहे का, हे त्यात दिसते. तो नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावरून मागवता येतो. तीस वर्षांचा घेतलेला बरा. (महाराष्ट्रात वकील सूची दोन पाहून शोध अहवाल देतात.)
• पट्टा, आणि शहरी भागात नगर भूमापनाचा उतारा. (मिळकत पत्रिका किंवा सातबारा.)
• वारस दाखला. तो तहसीलदार कार्यालयातून मिळतो.
• घरपट्टी, पाणीपट्टी आणि विजेच्या बिलाच्या अखेरच्या पावत्या. कुंभकोणम २०२१ मध्ये महानगरपालिका झाले. त्यामुळे जुन्या पावत्यांवर नगरपालिकेचे नाव असेल. थकबाकी आधी भरून टाका.
• घरावर कधी कर्ज घेतले असल्यास ते फिटल्याचे पत्र, आणि गहाण नोंदवले असल्यास ते सोडवल्याचा नोंदणीकृत दस्त. कर्ज फिटते, पण विल्लंगम दाखल्यावर बोजा तसाच राहतो, असे आम्ही बँकेत नेहमी पाहतो.

कागदांवरील नावे, सर्व्हे नंबर आणि चौरस फूट एकमेकांशी जुळतात का ते पाहा. जुळत नसतील तर दुरुस्ती आताच करून घ्या. मूळ दस्त हरवला असेल तर पोलिसांत तक्रार, वर्तमानपत्रात जाहिरात आणि नोंदणी कार्यालयातून प्रमाणित नक्कल हे सारे करावे लागते. त्यात काही आठवडे जातात.

पायरी ३ : जमीन देवाची तर नाही ना?

कुंभकोणम हे देवळांचे गाव आहे. इथे बऱ्याच जुन्या घरांखालची जागा देवस्थानाची किंवा मठाची असते आणि घरमालक जागेचे भाडे भरतो. अशा ठिकाणी बांधकाम आपले असले तरी जमीन आपली नसते. तमिळनाडूच्या १९५९ च्या हिंदू धार्मिक व धर्मादाय संस्था कायद्याप्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या मंजुरीशिवाय देवस्थानाची जमीन विकता येत नाही. तशी केलेली विक्री रद्दबातल ठरते. घरात जागाभाड्याची जुनी पावती सापडली तर ती लपवू नका, आधी वकिलाला दाखवा.

दुसरी गोष्ट भिंतीची. मेलकावेरीसारख्या जुन्या वस्तीत घरे लांबट असतात. पुढे तिण्णै म्हणजे ओटा, मध्ये चौक आणि दोन्ही बाजूंना शेजाऱ्याशी सामाईक भिंत. सामाईक भिंत, मागच्या गल्लीतून जाण्याचा हक्क आणि विहिरीचा वापर या गोष्टी घेणाऱ्याला आधीच सांगा आणि दस्तात लिहा. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे घेणाऱ्याला सहज दिसू शकणार नाही असा दोष आपल्याला माहीत असेल, तर तो सांगणे ही विकणाऱ्याची जबाबदारी आहे.

पायरी ४ : भाव ठरवा

सरकार प्रत्येक रस्त्याचा किंवा सर्व्हे नंबरचा दर जाहीर करते. तमिळनाडूत त्याला गाइडलाइन व्हॅल्यू म्हणतात, महाराष्ट्रात रेडी रेकनर. मुद्रांक शुल्क या दराच्या आधारे लागते. बाजारभाव त्याहून कमी किंवा जास्त असू शकतो. म्हणून तीन गोष्टी करा. सरकारी दर पाहा. आपल्याच रस्त्यावर अलीकडे विकल्या गेलेल्या दोन-तीन घरांची किंमत विचारा. आणि बँकेच्या यादीवरील मूल्यमापकाकडून अहवाल घ्या. अहवालाचे काही हजार रुपये लागतात, पण घासाघीस करताना हातात कागद असतो.

सरकारी दरापेक्षा खूप कमी किंमत दाखवू नका. दोहोंतला फरक दहा टक्क्यांहून जास्त असेल तर आयकर खाते विकणाऱ्याच्या हिशेबात सरकारी दर हीच विक्रीची किंमत धरते, आणि घेणाऱ्यालाही फरकावर कर लागू शकतो.

पायरी ५ : गिऱ्हाईक शोधा, पण जपून

दारावर तमिळमध्ये पाटी लावा. स्थानिक वर्तमानपत्रात छोटी जाहिरात द्या. घरांच्या संकेतस्थळांवर उजेडात काढलेले फोटो टाका. नात्यातल्या आणि समाजातल्या लोकांना सांगा. परगावी गेलेल्या एखाद्याला आपल्या गावात घर हवे असते.

जाहिरात दिली की ठकांचेही फोन येतात. कोणी स्वतःला सैन्यातला अधिकारी म्हणवतो, घर न पाहताच ते पसंत करतो आणि "टोकन पाठवतो, हा क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाका" म्हणतो. लक्षात ठेवा, पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात. आधार, पॅन आणि दस्ताच्या प्रती पहिल्याच भेटीत देऊ नका. पुढे द्याल तेव्हा प्रतीवर आडवे लिहा, 'फक्त घरविक्रीच्या तपासणीसाठी', आणि खाली तारीख घाला. मूळ दस्त कोणाच्याही हाती सोपवू नका. घेणाऱ्याच्या वकिलाला ते आपल्या समोर किंवा आपल्या वकिलाकडे बसून पाहता येतात.

पायरी ६ : इसार आणि साठेखत

काका इथेच अडकणार होते. त्यात तीन धोके होते.

पहिला धोका रोखीचा. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेण्यास आयकर कायद्यात मनाई आहे. इसारही त्यात येतो, आणि व्यवहार पुढे मोडला तरी हा नियम सुटत नाही. घेतलेल्या रकमेइतका दंड होऊ शकतो. म्हणजे पाच लाख रोख घेतले, तर पाच लाखांचा दंड. इसार चेकने किंवा खात्यातून खात्यातच घ्या.

दुसरा धोका कच्च्या कागदाचा. तमिळनाडूत २०१२ च्या दुरुस्तीनंतर विक्रीचा करार नोंदवणे सक्तीचे आहे. वीस रुपयांच्या कागदावरील करारातून पुढे भांडणेच निघतात.

तिसरा धोका म्हणजे त्या सहीचे वजन. साठेखत झाले की घेणारा न्यायालयात जाऊन "ठरल्याप्रमाणे घर द्या" अशी मागणी करू शकतो. म्हणून दोघांशी बोलणी चालू असली तरी करार एकाशीच करा. तिन्ही भावंडांच्या सहीशिवाय काकांनी एकट्याने सही केली असती, तर देता न येणारी वस्तू देण्याचे वचन त्यांच्या गळ्यात पडले असते.

साठेखतात पूर्ण किंमत, इसाराची रक्कम, बाकी पैसे देण्याची मुदत, मुदत चुकल्यास इसाराचे काय, कोणता खर्च कोणाचा, ताबा केव्हा आणि घेणारा कर्ज काढणार असल्यास ते नामंजूर झाल्यावर काय करायचे, हे सर्व लिहा.

आणखी एक सूचना. "कुलमुखत्यारपत्र करून द्या, खरेदीखत नंतर बघू" असे कोणी म्हटले तर थांबा. अशा कागदाने मालकी जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सांगितले आहे. पण आपल्या नावाने पुढचे व्यवहार करायला मात्र तो माणूस मोकळा होतो.

पायरी ७ : नोंदणीचा दिवस

खरेदीखताचा मसुदा वकिलाकडून किंवा परवानाधारक दस्तलेखकाकडून करून घ्या आणि आदल्या दिवशी घरी बसून शांतपणे वाचा. चतुःसीमा, क्षेत्रफळ, नावे आणि रक्कम अंकी व अक्षरी तपासा. तमिळ वाचता येत नसेल तर वाचता येणाऱ्या विश्वासू माणसाकडून वाचून घ्या. सही झाल्यावर दस्त चार महिन्यांच्या आत नोंदणीसाठी सादर करावा लागतो. शक्यतो दोन्ही कामे एकाच दिवशी करा.

तमिळनाडूत २०२३ पासून खरेदीखतावर मुद्रांक शुल्क अधिभारासह ७ टक्के आणि नोंदणी फी २ टक्के आहे. ४० लाखांवर हे ३ लाख ६० हजार होतात. हा खर्च रिवाजाने घेणारा करतो, तरीही करारात लिहून ठेवा. इतर राज्यांत दर वेगळे आहेत.

बाकी रक्कम आरटीजीएसने आली तर उत्तम. ही सेवा दिवसरात्र चालू असते आणि किमान दोन लाखांसाठी आहे. मोबाइलवर आलेला संदेश किंवा घेणाऱ्याने दाखवलेला स्क्रीनशॉट पुरावा मानू नका. आपल्या पासबुकात किंवा बँकेच्या अ‍ॅपवर जमा दिसली पाहिजे. घेणारा डिमांड ड्राफ्ट देणार असेल तर त्याची प्रत आधी मागवा. आपल्या शाखेमार्फत तो देणाऱ्या बँकेकडून खरा असल्याची खात्री करता येते. प्रत्येक रकमेचा व्यवहार क्रमांक दस्तात लिहा. किल्ली आणि मूळ कागद पूर्ण पैसे मिळाल्यावरच द्या, आणि दिलेल्या कागदांच्या यादीवर पोच घ्या.

किंमत ५० लाख किंवा अधिक असेल तर घेणारा एक टक्का कर कापून सरकारजमा करतो. तो आपल्या पॅनवर जमा झाला का ते पाहा.

पायरी ८ : कराचा हिशेब आधीच करा

घर दोन वर्षांहून अधिक काळ आपल्याकडे असेल तर होणारा नफा दीर्घ मुदतीचा भांडवली नफा ठरतो. वारशाने आलेल्या घरात आधीच्या मालकाचा काळही मोजतात. घर २००१ पूर्वीचे असेल तर १ एप्रिल २००१ चे मूल्य खरेदी किंमत म्हणून धरता येते, पण ते त्या दिवशीच्या सरकारी दरापेक्षा जास्त धरता येत नाही.

२३ जुलै २०२४ पूर्वी मिळालेल्या घरासाठी भारतात राहणाऱ्या व्यक्तीला दोन पद्धतींपैकी कमी कराची पद्धत घेता येते. समजा २००१ चे मूल्य ६ लाख, विक्री ४० लाख आणि वर्ष २०२५-२६ (महागाई निर्देशांक ३७६) :

• महागाई न धरता : ४० लाख वजा ६ लाख = ३४ लाख. त्यावर १२.५ टक्के = ४,२५,००० रुपये.
• महागाई धरून : ६ लाखांचे २२ लाख ५६ हजार झाले. नफा १७ लाख ४४ हजार. त्यावर २० टक्के = ३,४८,८०० रुपये.

फरक ७६,२०० रुपयांचा आहे. वर उपकर वेगळा. म्हणजे २००१ च्या मूल्याचा अहवाल वेळेवर घेतला तर जवळजवळ दलालीइतकीच रक्कम पुन्हा वाचते. मालक तिघे असतील तर प्रत्येकाने आपल्या वाट्याचा हिशेब आपल्या विवरणपत्रात दाखवायचा.

हा करही वाचवता येतो. नफ्यातून विक्रीआधी एक वर्ष किंवा विक्रीनंतर दोन वर्षांत दुसरे राहते घर घेतले, अथवा तीन वर्षांत बांधले, तर सूट मिळते. घर घ्यायचे नसेल तर सहा महिन्यांच्या आत ठरावीक सरकारी कंपन्यांच्या कर-बचत रोख्यांत ५० लाखांपर्यंत गुंतवता येतात. ते पैसे पाच वर्षे अडकतात. विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत घर घेणे जमले नाही, तर रक्कम बँकेतील भांडवली नफा खात्यात ठेवा. साध्या बचत खात्यात ठेवल्यास ही सूट मिळत नाही. ही चूक फार जण करतात.

पैसे आल्यानंतर

पालिका, वीज आणि पट्टा यांवरील नाव बदलल्याची खात्री करा, नाहीतर घेणाऱ्याच्या थकबाकीची नोटीस आपल्या नावाने येते. एवढी रक्कम खात्यात दिसली की योजना घेऊन येणाऱ्यांची रांग लागते. महिनाभर कुठेही सही करू नका. ठेव विम्याचे संरक्षण एका बँकेत एका ठेवीदाराला व्याजासह पाच लाखांपर्यंत आहे, म्हणून रक्कम कशी विभागायची याचा विचार करा. साठ वर्षे पूर्ण झालेल्यांना ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाखांपर्यंत ठेवता येतात.

काकांनी त्या ओळखीच्या गिऱ्हाइकाला निरोप दिला : रोख नको, करार नोंदवू, आणि सह्या तिघांच्या होतील. तो पुन्हा आला नाही. नंतर दारावरची पाटी वाचून त्याच रस्त्यावरचे एक कुटुंब आले. त्यांनी बँकेचे कर्ज काढून घर घेतले. पुण्याची बहीण सहीसाठी स्वतः आली आणि दोन दिवस त्या घरात राहून गेली. नोंदणीच्या दिवशी तीन खात्यांत तीन रकमा जमा झाल्या. काकांनी पासबुक भरून घेतले, चष्मा लावून आकडा दोनदा वाचला आणि मगच खिशातली किल्ली काढून दिली.

सहीपूर्वी विचारायचे सात प्रश्न

१. सर्व वारसांची संमती लेखी आहे का?
२. जमीन आपली आहे की देवस्थानाची?
३. विल्लंगम दाखला कोरा आहे का?
४. सरकारी दर आणि आपली किंमत यांत किती फरक आहे?
५. इसार बँकेतून आला का आणि करार नोंदला का?
६. पूर्ण रक्कम आपल्या पासबुकात दिसते का?
७. कर किती लागेल आणि तो कसा वाचेल, हे ठरले आहे का?

यातल्या एकाही प्रश्नाचे उत्तर 'माहीत नाही' असे असेल, तर सही एक दिवस पुढे ढकला आणि वकिलाला किंवा आपल्या शाखेत येऊन विचारा. नियम आणि दर बदलत असतात, म्हणून व्यवहाराच्या वेळी ते पुन्हा तपासून घ्या.